मदत हवी आहे: स्वावलंबी नायिका, एकटा बाप आणि तापाची एक रात्र

नमस्कार. मी एक प्रेमकादंबरी लिहीत आहे आणि दोन तृतीयांश लेखन झाल्यावर एका प्रकरणापाशी अशी अडकले आहे की, ते तीन वेळा लिहूनही मनासारखे उतरलेले नाही.

कथा एका छोट्या गावात घडते. नायिका 37 वर्षांची असून जळालेल्या विजेच्या मोटारींचे वायंडिंग करण्याचा, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून देण्याचा, तिचा स्वतःचा व्यवसाय आहे. तिचा लग्न न करण्याचा निर्णय कोणत्याही जुन्या जखमेतून आलेला नाही. तिला एकटे राहणे आवडते, आणि ही गोष्ट मला शेवटपर्यंत तशीच ठेवायची आहे. नायक घटस्फोटित असून त्याची 8 वर्षांची मुलगी त्याच्याकडे राहते. सुरुवातीला तो विधुर होता, परंतु दिवंगत पत्नी पानागणिक देवी होत गेली आणि नायिकेला एका तसबिरीशी स्पर्धा करावी लागू लागली, म्हणून मी त्या आईला जिवंत केले (लेखकाला एवढी सोय असते). त्यामुळे मुलीचा पेच अधिक खरा झाला. नायिका आवडली तर आपण आईशी फितूर झालो असे तिला वाटते, आणि म्हणून ज्या दिवशी ती नायिकेसोबत पोट धरून हसते, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्याशी तुसडेपणाने वागते.

आता अडचण सांगते. बाप बाहेरगावी अडकलेला असताना मुलगी तापाने फणफणते, तिला सांभाळणाऱ्या शेजारीणबाई घाबरतात आणि तो नायिकेला फोन करतो. पहिल्या खर्ड्यात ती जाते, रात्रभर जागते, आणि सकाळी मुलगी तिच्या कुशीत व बाप दारात भारावून उभा, असे चित्र उमटते. आतापर्यंत स्वतःच्या अटींवर जगलेल्या बाईला एका तापाने वठणीवर आणले, असा त्याचा अर्थ होतो आणि तो मला अजिबात मान्य नाही. दुसऱ्या खर्ड्यात तिने फक्त डॉक्टरांना पाठवले, तर ती निष्ठुर वाटली.

तिसऱ्यात ती जाते, पण ताप उतरताच, बाप पोहोचण्यापूर्वी, मुलीला शेजारीणबाईंकडे सोपवून कामावर निघून जाते, कारण एका गिऱ्हाइकाला सकाळी मोटार द्यायची असते. त्यावर तो चिडतो. त्याने रात्री मदत मागितली होती की हक्क गाजवला होता, हे त्याचे त्यालाच कळलेले नसते. हे मला सत्याच्या सर्वांत जवळचे वाटते, मात्र त्यात नायक मनातून उतरतो. शिवाय तिची स्कूटर रात्रभर त्याच्या दारात दिसल्यामुळे दुपारपर्यंत गावाने दोघांचे लग्न ठरवून टाकलेले असते, आणि त्या दोघांनी तर अजून एकमेकांना काही विचारलेलेही नसते.

ज्यांनी मूल एकट्याने वाढवले आहे, किंवा जे अशा घरात नंतर सामील झाले आहेत, त्यांना माझा पहिला प्रश्न आहे: अशा सकाळी बापाला नेमका कशाचा राग येईल, आणि तो ओसरल्यावर तो माफी कशी मागेल? दुसरा प्रश्न प्रेमकथा नेहमी वाचणाऱ्यांना आहे. या प्रकारात शेवट सुखाचा असावा ही वाचकाची अपेक्षा मला मान्य आहे. पण दोघे शेवटी एकमेकांचे झाले तरी आपापल्या घरीच राहिले, तर तुम्हाला फसवल्यासारखे वाटेल का?

मुलीनेच युक्ती करून दोघांना एकत्र आणावे, ही सूचना कृपया करू नये. त्या वयाच्या मुलीला स्वतःच्या काळज्या पुरेशा असतात. तिसऱ्या खर्ड्यातील ते प्रकरण वाचण्याची कोणाची तयारी असल्यास मी ते खाली प्रतिसादात देईन.