नॅनोच्या लॅबमध्ये जायचं तर एमएस्सी कशात करू?

सांगलीकर_रसायन
बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे नॅनोमटेरियल्समध्ये (अतिसूक्ष्म कणांच्या पदार्थांमध्ये) पीएचडी करायची हे पक्कं. एका विद्यापीठातल्या लॅबचं पान उघडलं तर गोंधळच उडाला: एक जण फिजिक्सचा, एक बायोटेकची, एक एमटेक मेटलर्जी, आणि एक ताई फार्मा कंपनीतली नोकरी सोडून आलेल्या. नॅनोसायन्सचीच एमएस्सी केलेला एकच. वडील म्हणतात केमिस्ट्रीच कर, निदान कंपनीत लागशील. काय करू?

कण_कण
नॅनोचीच कर. मी तीच केली. एक्सआरडी, यूव्ही, एसईएम ही कण तपासायची उपकरणं, सगळं लवकर हाताळायला मिळतं. पीएचडीला गेल्यावर सिनियरच्या मागे फिरावं लागत नाही.

लॅबवाली_ताई
मी मूळची फिजिक्सची, आता नॅनोच्या लॅबमध्येच पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करते. वडिलांचं ऐक, पण कारण वेगळं आहे. पीएचडीच्या फेलोशिपसाठी आणि प्राध्यापकीसाठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा असते, तिचे विषय पाचच: रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान. नॅनो त्यात नाही. म्हणजे नॅनोची एमएस्सी करूनही परीक्षा केमिस्ट्री नाहीतर फिजिक्सचीच द्यावी लागणार. पुढे प्राध्यापकाच्या जाहिरातीत 'संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी' असं असतं, तिथे छाननीत अडकलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आणि लॅबमधली ती सरमिसळ गरजेची आहे. गोल्ड क्लोराइडच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट घातलं की सोन्याचे नॅनोकण तयार होऊन ते माणकासारखं लाल होतं. कण एकमेकांना चिकटू न देणं हे केमिस्टचं काम. ५२० नॅनोमीटरच्या आसपासच प्रकाशाचं शोषण का होतं ते फिजिक्सवाला सांगतो. तेच कण पेशीत गेल्यावर काय करतात, ते बायोवालीला विचारायचं. आपल्या पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली शास्त्री फिजिक्सचे आणि अबसार अहमद बायोकेमिस्ट्रीचे. दोघांनी मिळून बुरशीकडून चांदीचे नॅनोकण करून घेतले, २००३ साली. एकट्या विषयाला हे सुचलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बघ. क्वांटम डॉट्ससाठी, म्हणजे अर्धवाहकांच्या नॅनोकणांसाठी तिघांना मिळालं, त्यातले एकिमोव्ह भौतिकशास्त्रज्ञ, रंगीत काचेवर काम करत होते. दुसरे ब्रुस, ते बेल लॅब्ज या कंपनीच्या प्रयोगशाळेत होते आणि तिसरे बावेंडी तिथे त्यांच्याकडेच पोस्टडॉक. फुलरीन (कार्बनचे पोकळ चेंडूसारखे रेणू) शोधणाऱ्यांपैकी स्मॉली तर पीएचडीच्या आधी शेल कंपनीत केमिस्ट होते. त्यामुळे फार्मामधून आलेल्या त्या ताईंचं नवल वाटू देऊ नकोस. नोंदी कशा ठेवायच्या, बॅच पुन्हा तशीच कशी काढायची, हे अशाच लोकांकडून शिकायला मिळतं.

कण_कण
नेटचं खरं आहे. मीही फिजिकल सायन्सेसचीच दिली, वर्गात शिकवलेलं निम्मं त्यात नव्हतं.

सांगलीकर_रसायन
ताई, मग केमिस्ट्रीत स्पेशलायझेशन कोणतं?

लॅबवाली_ताई
फिजिकल किंवा इनऑर्गॅनिक. ऑर्गॅनिकवाल्यांनाही जागा असते, कणांवर बसवायचे लिगँड (पृष्ठभागाला चिकटणारे रेणू) कुणीतरी बनवायला लागतातच. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मात्र नॅनोच्या लॅबमध्येच मिळव. सरांना मेल करताना नुसता बायोडेटा पाठवू नकोस. त्यांचा एक पेपर नीट वाच आणि त्यातल्या कोणत्या आलेखाबद्दल शंका आहे ते दोन ओळींत लिही. अशा मेलला उत्तर येतं. हवं तर आधी मला दाखव.