ब्लॅक फंगसच्या एवढ्या बातम्या बघून लोकांना नक्की काय कळलं?

कराडची_मनीषा:
सासूबाईंना शुगर आहे. २०२१ च्या मे महिन्यात टीव्हीवर दिवसभर ब्लॅक फंगस चालू असायचं, डोळा काढलेले पेशंट, इंजेक्शनसाठी वणवण करणारे नातेवाईक, तेव्हापासून कांद्यावर काळी पूड दिसली की त्या अख्खा कांदा फेकतात, फ्रिजचं रबर रोज पुसतात, पण शुगर तपासायला चला म्हटलं की टाळाटाळ. एवढं सगळं बघून शुगरचं डोक्यात कसं शिरलं नाही? मीडियाने सांगितलंच नाही का? आता समजावू कसं?

लॅबवाला_नगर:
ताई, कांद्यावरची काळी पूड म्हणजे बहुतेक अ‍ॅस्परजिलस नायजर, ती बुरशीच वेगळी. धुवून, वरची सालं काढून खुशाल वापरा. ब्लॅक फंगस म्हणतात तो म्युकर, तो मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात असतो आणि श्वासातून सगळ्यांच्याच नाकात जातो, धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. शुगर हाताबाहेर गेलेली आणि त्यात कोविडसाठी स्टिरॉइड चालू, तिथे तो धरतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कांद्यावर आणि फ्रिजमध्ये ब्लॅक फंगस असतो हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवरचा होता.

जुना_वाचक:
सांगितलं नाही असं नाही. दिल्लीच्या एम्सचे त्यावेळचे संचालक डॉ. गुलेरिया तेव्हाच म्हणाले होते की रंगावरून नावं देऊ नका, गोंधळ होतो, आणि बहुतेक पेशंट शुगरवाले किंवा स्टिरॉइड घेतलेले आहेत. पण त्याच सुमारास पाटण्याहून व्हाइट फंगस, गाझियाबादहून यलो फंगस अशा ब्रेकिंग न्यूज, रोज नवा रंग म्हटल्यावर माणसं रोज नवा रोग आला असंच समजणार ना. मला याचा खरंच राग येतो. पेपरवाल्यांना मात्र श्रेय देईन, चेहरा एका बाजूने सुजणं, नाकातून काळपट स्राव, वरचे दात हलणं, एकाचे दोन दिसणं, ही लक्षणं चौकटीत छापून यायची, ती वाचून लोक वेळेत कान-नाक-घसावाल्याकडे गेले असतील.

स्किन_ओपीडी_पुणे:
मला जास्त काळजी गजकर्णाची वाटते, कारण त्याची बातमीच होत नाही. घरटी कोणाला तरी जांघेत, कमरेला चट्टा असतोच आणि मेडिकलमधून विचारून ट्यूब आणतात. त्यात स्टिरॉइड असतं, खाज दोन दिवसांत थांबते, बरं झालं असं वाटतं आणि आत बुरशी पसरत राहते, मग तोच टॉवेल घरभर फिरतो आणि सगळ्यांना होतं. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नका म्हणून नियम कडक केले, तरी मिळतातच. यावर एखाद्या चॅनेलने अर्धा तास दिला तर केवढं काम होईल! डोळा गेलेला पेशंट दाखवता येतो, जांघेतला चट्टा कोण दाखवणार.

कराडची_मनीषा:
आमच्याकडे पण अशी ट्यूब आहे, नाव बघते आजच. लॅबवाले दादा, ती तीन महिन्यांची शुगर कळते त्या टेस्टला उपाशी यावं लागतं का? उपास घडतो म्हणूनच त्या नाही म्हणतात.

लॅबवाला_नगर:
एचबीएवनसी ना, नाही लागत. जेवून, कधीही आणा.