मदत हवी आहे : १९८३, २००० आणि २०१६ची व्हिंटेज पोर्ट, तिन्ही एकाच संध्याकाळी

कॉव्हेंट्रीकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला गेले. जाण्याआधी जिन्याखालचं कपाट रिकामं केलं आणि तीन बाटल्या आमच्या हातात ठेवल्या. तिन्ही व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांची गोड, कडक पोर्तुगीज वाइन : १९८३, २००० आणि २०१६. "ठेवू नका, प्या," एवढंच म्हणाले.

येत्या शनिवारी आम्ही सहा जण आहोत. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत. बाबांची पोर्टशी ओळख गोव्याच्या सहलीतल्या गोड लाल बाटलीपुरती. आई म्हणतात, मी फक्त वास घेणार. (बघू.) मला स्वतःला वाइनमधलं फार कळत नाही, म्हणून सगळं एकदम विचारते.

१९८३च्या बाटलीवर एका बाजूला पांढऱ्या रंगाचा फटकारा आहे, भिंत रंगवताना उडावा तसा. पुसून टाकू का? शिवाय घरी आणल्यावर लेकाने ती बाटली उलटीसुलटी करून पाहिली, तर आत काहीतरी काळं सरकलं. खराब झाली का? आणि क्रम काय ठेवू? जुनी ती सगळ्यात भारी, म्हणून ती शेवटी, असं माझं गणित आहे. उरलेली किती दिवस टिकते तेही सांगा.

तळेगावकर

फटकारा अजिबात पुसू नका! बाटली आडवी ठेवताना वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून तळघरात चुन्याची नाहीतर रंगाची अशी खूण करायचे. बाटली हलवली तरी पुन्हा खूण वर करून ठेवायची, म्हणजे गाळ जिथे बसलाय तिथेच राहतो. आत सरकलं ते हेच. खराब काही झालेलं नाही.

आता उघडायच्याच आहेत, तर आजच तिन्ही बाटल्या उभ्या करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि शनिवारपर्यंत हात लावू नका. लेकालाही सांगा.

गाळणी

पोर्तुगालमध्ये पोर्तोला कामानिमित्त दीड वर्ष होतो, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

आधी लेबल नीट वाचा. 'लेट बॉटल्ड व्हिंटेज' लिहिलं असेल तर प्रकरण वेगळं. ती चौथ्या ते सहाव्या वर्षी बाटलीत भरतात आणि बहुतेक वेळा गाळलेली असते, त्यामुळे एवढा सोहळा लागत नाही. खरी व्हिंटेज साधारण दोन वर्षं लाकडात राहते आणि न गाळता बाटलीत जाते. पुढचं सगळं म्हातारपण बाटलीतच.

मुळात पोर्ट म्हणजे मध्येच थांबवलेली वाइन. दोउरो नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांचा रस आंबत असतो, जवळजवळ अर्धी साखर शिल्लक असते, तेवढ्यात त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं मद्य ओततात. ४३५ लिटर रसाला ११५ लिटर, असं जुनं प्रमाण. यीस्ट तिथेच मरतं, गोडी तशीच राहते, आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणून ग्लास लहान घ्या.

आता वयाचं. कोवळ्या पोर्टमध्ये रंग आणि तुरटपणा दोन्ही रग्गड. वर्षानुवर्षं ही द्रव्यं एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. तोच तुमचा काळा गाळ. जेवढा गाळ खाली जातो तेवढी वरची वाइन फिकी आणि मऊ होते. पण हा प्रवास सरळ रेषेत होत नाही. पहिली चार-पाच वर्षं फळ नुसतं उसळत असतं. मग पोरगं दहावीत गेल्यासारखं होतं : खोलीचं दार बंद, विचारलं तर हूं नाहीतर चूं. तुमची २०१६ आत्ता त्याच वयात असणार. २०००ची दार किलकिलं करून बाहेर आलेली असेल. १९८३ची उतारावर आहे की पठारावर, हे बूच निघाल्यावरच कळेल. तेव्हा 'जुनी तीच भारी' हे गणित सोडा.

उघडायच्या वेळेचं म्हणाल तर २०१६ला हवा लागावी म्हणून ती शनिवारी सकाळीच काचेच्या सुरईत ओता, २००० संध्याकाळच्या दोन-तीन तास आधी, आणि १९८३ पाहुणे बसल्यावर.

कॉव्हेंट्रीकरीण

बापरे, केवढी माहिती! लेबलं पाहिली. 'लेट' कुठेच नाही. २०१६च्या बाटलीवर 'बाटलीबंद २०१८' आहे, म्हणजे तुम्ही म्हणता तीच. क्रमाचं मात्र राहिलं.

दोनच घोट

कोवळीपासून जुनीकडे. सगळीकडे असंच करतात.

तळेगावकर

मला नाही पटत. २०१६ने जीभ एकदा तुरट झाली की १९८३चं नाजूक काही कळणार नाही. जांभळं खाऊन बासुंदी खाण्यासारखं. जुनी आधी.

दोनच घोट

आणि गोड, दांडगी वाइन शेवटी? जुनीची आठवणसुद्धा राहणार नाही तोंडात.

गाळणी

भांडू नका. सहा माणसं आहेत, अठरा लहान ग्लास जमतील ना? तिन्ही शेजारी-शेजारी ओता आणि ज्याला जसं हवं तसं फिरू दे. वयातला फरक तसाच कळतो. रंग बघायला खाली पांढरा कागद ठेवा.

हो, आणि १९८३चं बूच तुटणार हे धरूनच चाला. नेहमीच्या स्क्रूपेक्षा दोन पातळ पात्यांचा ओपनर असतो तो मिळाला तर बरं. पोर्तोत एका ठिकाणी लालभडक तापवलेल्या चिमट्याने बाटलीची मानच कापताना पाहिलंय. चिमटा मानेला धरायचा, मग ओलं थंड फडकं लावायचं, की काच टक्‌कन गोल तडकते. घरी करू नका. मलमलचं फडकं तयार ठेवा. साबणाचा वास नसलेलं.

आंबोळी

बाबांना आधीच सांगून ठेवा की गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून मिळते ती वेगळी चीज आहे. नाव तेवढं उचललेलं. आमच्याकडे बाळंतिणीला चमचा-चमचा द्यायचे ती तीच. नाहीतर पहिल्या घोटाला ठसका लागेल.

कॉव्हेंट्रीकरीण

मंडळी, शनिवार पार पडला. सगळं सांगते, तेवढं तुमचं देणं लागते.

२००० आणि २०१६ची बुचं अख्खी निघाली. १९८३चं अर्धं हातात आलं, अर्धं ओल्या चहापत्तीसारखं कुस्करून आत पडलं. घरात मलमल एकच : चक्का टांगायची. शुक्रवारी रात्री साध्या पाण्यात तीनदा उकळून ठेवली होती. नवऱ्याने बाटली धरली, मी मोबाइलचा टॉर्च मानेखाली धरला. शेवटचे दोन बोटं राहिल्यावर काळी रेघ मानेकडे यायला लागली, तिथे थांबलो. फडक्यावर काय उरलं असेल? बुचाचा चुरा आणि मेणचट पापुद्रे, जांभळट-तपकिरी. फडकं आता चक्क्याला चालणार नाही.

पांढऱ्या कागदावर तिन्ही ग्लास ठेवले तेव्हा बाबा म्हणाले, ही एकाच घराण्यातली वाटत नाहीत. २०१६ म्हणजे कोकमाचं आगळ, आरपार काही दिसत नाही. २०००चा मध्य लाल, कडा विटकरी. १९८३ जुन्या पितळेकडे झुकलेली, ग्लासाखालची कागदावरची अक्षरं वाचता येत होती.

चव : २०१६ सकाळी ओतूनही रुसलेलीच. गोड, जाड, मग हिरड्यांना चिकटणारा तुरटपणा. गाळणींचं दहावीचं पोरगं. १९८३ला वास सुंदर होता, सुकं अंजीर, अक्रोड, काकवी. पण घोट उतरल्यावर मद्याची धग वर यायची, जणू मधलं मांस झडलंय. मला वाईट वाटलं, मी तिच्यावरच सगळा भरवसा ठेवला होता. २०००ची मात्र आमच्या टेबलावर पहिल्यांदा संपली. फळही होतं आणि मऊपणाही.

आणि आई! फक्त वास घेणाऱ्या आईंनी १९८३चे दोन ग्लास घेतले. म्हणाल्या, सुंठ घातलेल्या काकवीसारखी लागते, तुम्हाला कळत नाही. क्रमाचा वाद त्यांनीच निकालात काढला : त्यांनी बाकीच्या दोन्हींना हातच लावला नाही.

थोडी १९८३ रविवारी रात्रीपर्यंत ठेवली होती, पार बसली. २०१६ अर्धी उरली आणि आज मंगळवारी घोटभर घेतली, तर शनिवारपेक्षा मोकळी लागली. माझी जीभ सरावली की खरंच असं होतं?

गाळणी

खरंच होतं. कोवळीला हवेचा त्रास कमी, फायदाच जास्त. फ्रिजमध्ये असेल तर पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. आठवड्याभरात संपवा. २००० कुठल्या कंपनीची होती ते खाजगी निरोपात कळवा.

तळेगावकर

आणि आजोबांना कळवलंत का, कुठली जिंकली ते?

कॉव्हेंट्रीकरीण

कळवलं. म्हणाले, १९८३ दहा वर्षांपूर्वीच उघडायला हवी होती, पण घरी एकट्याने अख्खी बाटली कोण उघडणार.