नेक्सस कार्ड, आय-९४ आणि आई-बाबांसोबत मोटारीने कॅनडातून अमेरिकेत जाणे

मिसिसागाकर:

नमस्कार. आम्ही मिसिसागाला राहतो. मी आणि माझी पत्नी दोघेही कॅनडाचे कायमचे रहिवासी आहोत, पासपोर्ट मात्र अजून भारतीयच आहेत. गेल्या वर्षी दोघांनी नेक्सस कार्डे काढली, म्हणजे आधी तपासणी झालेल्या प्रवाशांना सीमेवर वेगळ्या रांगेतून लवकर जाऊ देणारी कार्डे. अमेरिकेचा बी-१/बी-२ (पर्यटन व व्यवसायभेटीचा) व्हिसाही दोघांकडे आहे. मुलगी चार वर्षांची असून ती जन्माने कॅनडाची नागरिक आहे. तिचे नेक्सस कार्ड काढलेले नाही. सध्या नाशिकहून माझे आई-बाबा आमच्याकडे आले आहेत. त्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे आणि कॅनडाचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश करता येईल असा आहे.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. यंदा गणपती त्याच्या घरी बसवायचे ठरले आहे आणि आम्ही सगळे एकाच मोटारीने फोर्ट ईरीहून पीस ब्रिजमार्गे बफेलोत उतरून पुढे जाणार आहोत. यापूर्वी मी आणि पत्नी दोनदा गेलो, पण दोन्ही वेळा विमानाने. त्यामुळे जमिनीवरच्या सीमेचा आम्हाला काहीच अनुभव नाही. आमच्याजवळ नेक्सस असल्यामुळे आई-बाबांना सोबत घेऊन नेक्ससच्या रांगेतून जाता येईल का? नसेल, तर निदान कार्ड दाखवल्यावर साध्या रांगेत काही सवलत मिळते का? आय-९४ साठी, म्हणजे अमेरिकेतला प्रवेश आणि मुक्कामाची मुदत यांच्या नोंदीसाठी, आधी ऑनलाइन अर्ज करावा, की तिथे पोहोचल्यावरच करावा? बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे, फार वेळ उभे राहणे त्यांना जमत नाही. म्हणून जे काही आधी करून ठेवता येईल ते करून ठेवावे, अशी माझी इच्छा आहे.

बफेलोवासी:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, आणि या बाबतीत कृपया कोणाचेही ‘आम्हाला एकदा सोडले होते’ हे ऐकू नका. नेक्ससच्या रांगेत शिरणाऱ्या मोटारीतील प्रत्येक माणसाकडे स्वतःचे नेक्सस सदस्यत्व असावे लागते. यात लहान मुलेही आली, अगदी तान्हे बाळही. म्हणजे आई-बाबा नसते आणि तुम्ही तिघेच निघाला असता, तरी मुलीचे कार्ड नसल्यामुळे तुम्हाला त्या रांगेत जाता आले नसते. चुकून गेलात तर अधिकारी तुम्हाला आत कार्यालयात पाठवतात, आणि नियम मोडल्याची नोंद होऊन तुम्हा दोघांची कार्डे रद्द होण्याचा धोका राहतो. नायगराच्या व्हर्लपूल पुलाकडे तर वळूच नका, कारण तो पूर्ण पूलच केवळ नेक्सस सदस्यांसाठी राखून ठेवलेला आहे. नकाशावर तो मोकळा दिसतो म्हणून जीपीएस कधीकधी तिकडे नेते.

दुसरी गोष्ट, नेक्सस हे ओळख पटलेल्या आणि आधी तपासणी झालेल्या प्रवाशाचे कार्ड आहे. ते व्हिसा नव्हे आणि प्रवेशाचा परवानाही नव्हे. तुम्ही दोघे भारतीय नागरिक असल्यामुळे पासपोर्ट, त्यावरचा अमेरिकेचा व्हिसा आणि परत येण्यासाठी कॅनडाचे पीआर (कायमच्या रहिवाशाचे) कार्ड या तिन्ही गोष्टी नेक्सस असो वा नसो, जवळ हव्यातच. ‘रेडी लेन’ नावाची आणखी एक रांग तुम्हाला पुलावर दिसेल. ती ज्यांच्या ओळखपत्रात रेडिओ चिप आहे त्यांच्यासाठी असते, उदाहरणार्थ नेक्सस किंवा अमेरिकेचे ग्रीन कार्ड. आई-बाबांकडे असे कागदपत्र नाही, तेव्हा तीही तुमच्या उपयोगाची नाही. या प्रवासात साधी रांग धरून चला.

आता आय-९४ बद्दल. विमानतळावर ही नोंद आपोआप होते आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. जमिनीवरच्या सीमेवर मात्र त्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागते. ते पूर्वी माणशी ६ डॉलर होते आणि ३० सप्टेंबर २०२५ पासून ३० डॉलर झाले. मुलगी कॅनडाची नागरिक असून पर्यटक म्हणून येत असल्यामुळे तिला आय-९४ लागत नाही. म्हणजे तुम्हा चौघा मोठ्यांचे मिळून १२० डॉलर धरा. तुमची आणि पत्नीची गेल्या वेळची आय-९४ अजून मुदतीत असेल, तर तीच चालू शकते. ती निघण्यापूर्वी आय-९४ च्या सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक घालून तपासून पाहा.

अर्ज आधीच ऑनलाइन करावा, असे मी आग्रहाने सांगेन. संकेतस्थळावर किंवा अमेरिकेच्या सीमा विभागाच्या सीबीपी होम या अॅपवर माहिती भरून पैसे भरले की तात्पुरती आय-९४ मिळते. मात्र हे काम प्रवासाच्या आधीच्या सात दिवसांतच करावे लागते आणि सात दिवसांत सीमा ओलांडली नाही तर पैसे वाया जातात, म्हणून फार लवकर करू नका. अर्ज केला तरी कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे, छायाचित्र आणि दोन-चार प्रश्न होतातच. परंतु नाव, जन्मतारीख, अमेरिकेतला पत्ता हे सगळे तिथे खिडकीशी उभे राहून सांगत बसावे लागत नाही. तुमच्या वडिलांच्या दृष्टीने हाच मोठा फायदा आहे. तिथे बसायला खुर्च्या असतात. खिडकीवरच्या अधिकाऱ्याला सुरुवातीलाच नम्रपणे सांगा की बाबांना उभे राहता येत नाही.

आणखी एक विनंती. प्रश्न आई-बाबांना विचारला तर उत्तर त्यांनाच देऊ द्या. आपण काळजीपोटी मध्ये बोलतो आणि त्यामुळे उगाच शंका निर्माण होते. भावाचा पत्ता आणि मुंबईच्या परतीच्या विमानाच्या तिकिटाची छापील प्रत त्यांच्याच पिशवीत ठेवा.

रोचेस्टरकर:

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात फक्त पासपोर्टाच्या मुदतीचा मुद्दा जोडतो, कारण त्यापायी मी स्वतः मोठ्या अडचणीत सापडलो होतो आणि इथे वाचणाऱ्या कितीतरी जणांना तो माहीत नसावा.

मी एच-१बी वर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आहे. कॅनडाचा व्हिसा होता, म्हणून पाहुण्यांना घेऊन एका दिवसासाठी नायगराच्या पलीकडच्या बाजूला गेलो. माझी आधीची आय-९४ आणखी दोन वर्षे चालणारी होती, पण पासपोर्टाचे सातच महिने उरले होते. संध्याकाळी परत येताना अधिकाऱ्यांनी नवी आय-९४ दिली, मी धन्यवाद म्हणून मोटारीत बसलो आणि तिच्यावरची तारीख वाचली नाही. ती पासपोर्ट संपण्याच्या दिवसापर्यंतच होती. कंपनीच्या मंजुरीच्या कागदावर दोन वर्षे पुढची तारीख आहे, म्हणून मी निश्चिंत होतो. पण प्रत्यक्षात शेवटी मिळालेल्या आय-९४ वरची तारीखच धरली जाते. वाहन परवान्याचे नूतनीकरण करायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी ‘तुमची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे’ असे सांगितले, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. हातात तीन आठवडे होते. पासपोर्ट घाईने नवा करून घेतला, पुन्हा एकदा सीमेपलीकडे जाऊन आलो आणि योग्य तारखेची नोंद मिळवली. चूक माझीच होती, अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणेच केले होते.

म्हणून सीमेवरून निघाल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर थांबा आणि चौघांच्या आय-९४ संकेतस्थळावरून उतरवून तारखा तपासा. नावाचे स्पेलिंगही पाहा. पूर्वी पासपोर्टात पांढरे कार्ड टाचून देत असत, ते निदान डोळ्यांसमोर राहायचे. आता नोंद संगणकात असते आणि आपण विसरून जातो. आई-बाबांच्या पासपोर्टांची मुदत निघण्यापूर्वीच पाहून ठेवा.

ज्यांच्या पासपोर्टावरचा अमेरिकेचा व्हिसा संपला आहे पण आय-९४ चालू आहे, अशा एच-१बी आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांसाठीही एक सूचना. ३० दिवसांपेक्षा कमी काळ केवळ कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन परत येताना व्हिसा आपोआप चालू धरण्याची तरतूद नियमात आहे. मात्र त्या मुक्कामात तिथल्या अमेरिकी वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला, तर ही सवलत मिळत नाही. अर्ज नाकारला गेला तर माणूस सीमेपलीकडेच अडकतो. ‘गेलोच आहोत तर व्हिसाही करून येऊ’ असा विचार करण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.

पॅसिफिककाठ:

मी सॅन डिएगोची. आमच्याकडे मेक्सिकोच्या सीमेवर नेक्ससऐवजी सेन्ट्री हा तसाच कार्यक्रम चालतो, पण मोटारीतल्या प्रत्येकाकडे सदस्यत्व हवे हा नियम अगदी तोच आहे, आणि सॅन इसिद्रोच्या सीमेवर तर मोटारीचीही त्या कार्यक्रमात नोंद असावी लागते. इथे ग्लोबल एंट्री, म्हणजे विमानतळावर लवकर प्रवेश देणाऱ्या अमेरिकी योजनेबद्दल नेहमी होणारा एक गैरसमज दूर करते. भारतीय नागरिकांना २०१७ पासून ग्लोबल एंट्रीत सहभागी होता येते. परंतु ग्रीन कार्ड नसलेल्या भारतीय सदस्याला त्याचे प्लास्टिकचे कार्ड मिळत नाही, सदस्यत्व विमानतळापुरतेच उपयोगी पडते. ज्यांना कार्ड मिळते, त्यांनाही ते अमेरिकेत येतानाच नेक्ससच्या रांगेत वापरता येते. कॅनडात शिरताना नेक्ससच लागते. शुल्क दोन्हींचे आता १२० डॉलर आहे आणि मुदत पाच वर्षे. नेक्सस १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ५० डॉलरला मिळत असे. नेक्ससमध्ये ग्लोबल एंट्रीचे फायदे येतात, म्हणून ज्यांना दोन्ही देशांत जा-ये करायची आहे आणि जे पात्र आहेत, त्यांनी नेक्ससच काढावे. मिसिसागाकर, आई-वडील सदस्य असतील तर १८ वर्षांखालील मुलांना शुल्क पडत नाही. तुम्ही मुलीचा अर्ज आजच भरून टाका. या प्रवासाला उपयोग होणार नाही, पण पुढच्या वेळी होईल.

सातारचे आजोबा:

मी मुलाकडे टोरांटोला येऊन-जाऊन असतो आणि दोनदा मोटारीने सीमा ओलांडली आहे, म्हणून तुमच्या आई-वडिलांच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

आमच्या वयाला बोटांचे ठसे झिजलेले असतात. माझी पत्नी जन्मभर भांडी आणि पोळ्या करीत आली. यंत्रावर तिचा उजवा हात चार वेळा ठेवला तरी ठसा उमटेना, आणि ती इतकी घाबरली की आपल्याला आता परत पाठवणार असेच तिला वाटले. त्या तरुण अधिकाऱ्याने शांतपणे ओला कागदी रुमाल दिला, बोटे पुसून पुन्हा ठेवायला सांगितली आणि काम झाले. तुमच्या आईंना हे आधी सांगून ठेवा आणि निघताना हाताला थोडे क्रीम लावू द्या.

दुसरे म्हणजे खाण्याचे पदार्थ. गणपतीला जाताना आई पिशवी भरणारच. सुनेच्या कुंडीतला ताजा कढीपत्ता मात्र घरीच ठेवायला सांगा. त्यावरच्या किडीमुळे लिंबूवर्गीय झाडांना रोग लागतो म्हणून अमेरिकेत तो न्यायला बंदी आहे. घरची लिंबे आणि संत्रीही नेऊ नयेत. मोदकांची पिठी, लोणचे, चकल्या जे काही असेल ते विचारल्यावर स्पष्ट सांगावे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगितलेली सापडली तर दंड होतो, आणि तुमच्यासारख्या कार्डधारकाचे कार्डही जाते.

मिसिसागाकर:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कढीपत्ता खरोखरच पिशवीत होता, आईने तो काल रात्रीच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. आता काढला. बाबांचा पासपोर्ट पाहिला, तो पुढच्या मार्चपर्यंतच आहे. भावाकडे आम्ही फक्त दहा दिवस राहणार असल्यामुळे अडचण येऊ नये, असे वाटते. एक शेवटचा प्रश्न: परतताना अमेरिकेतून बाहेर पडल्याचा शिक्का कुठे घ्यायचा? पुलावर तसे कार्यालय दिसत नाही, असे मित्र म्हणाला. उद्या आई-बाबांना ‘तुम्ही बाहेर पडलाच नाहीत’ असे कोणी म्हणू नये.

बफेलोवासी:

दहा दिवसांसाठी मार्चपर्यंतची मुदत पुरते. फक्त त्यांच्या आय-९४ वर सहा महिन्यांऐवजी पासपोर्टाचीच तारीख आली तर दचकू नका.

बाहेर पडण्याचा शिक्का अमेरिकेत नाहीच. तुमच्यासारख्या प्रवाशांच्या बाबतीत २०१३ पासून दोन्ही देश एकमेकांना नोंदी कळवतात. कॅनडाच्या खिडकीवर आई-बाबांचा प्रवेश नोंदला गेला की तीच त्यांची अमेरिकेतून बाहेर पडल्याची नोंद होते. काही दिवसांनी आय-९४ च्या संकेतस्थळावरच त्यांचा प्रवासाचा इतिहास उघडून ती आली आहे का ते पाहा. तोपर्यंत पुलाच्या टोलची पावती किंवा फोर्ट ईरीला घेतलेल्या कॉफीचे तारखेसह बिल जपून ठेवा. कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी पासपोर्टावर शिक्का मारला तर त्यावर मुक्कामाची काही वेगळी तारीख लिहिली आहे का ते तिथेच वाचा. आणि येतानाही सगळे एकाच मोटारीत असाल, तेव्हा नेक्ससचा फलक दिसला की डावी-उजवी लेन नीट पाहून साध्या रांगेतच राहा.

मिसिसागाकर:

समजले. गुरुवारी पहाटे पाचला निघतो आहोत. आय-९४ चे चारही अर्ज आज रात्री भरतो.