सदनिकेची सांगितलेली किंमत वाजवी आहे, हे कसे ठरवावे?

प्रश्न

शहरातील सुमारे वीस वर्षे जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावरची दोन शयनकक्षांची सदनिका घेण्याचा आमचा विचार आहे. विक्रेत्याचा दर त्या परिसरातील जाहिरातींमधल्या दरांशी बऱ्यापैकी जुळतो आणि ‘सध्या हाच भाव चालू आहे’ असे एजंटचे म्हणणे आहे. परंतु सगळेच विक्रेते एकमेकांच्या जाहिराती पाहून दर लावत असतील, तर हे जुळणे कशाचा पुरावा मानावे? नव्या फर्निचरचे पैसेही किमतीत धरलेले आहेत. बोलणी सुरू करण्यापूर्वी स्वतःचा असा एक आकडा हाताशी असावा, असे वाटते. तो कसा काढावा?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. जाहिरातीतील दर ही विक्रेत्याची इच्छा असते. किंमत कळते ती नोंदणी झालेल्या विक्रीच्या दस्तांवरून. शक्यतो त्याच इमारतीतील, नाहीतर शेजारच्या तशाच इमारतींमधील, गेल्या वर्षा-दीड वर्षातील चार-पाच व्यवहार मिळवावेत. दस्तात पूर्ण रक्कम दाखवलेली नसण्याची शक्यता जिथे असते तिथे एका दस्तावर विसंबू नये. त्यानंतर सर्व क्षेत्रफळे एकाच मापात आणावीत, कारण एकाचा दर कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या क्षेत्रावर, आणि दुसऱ्याचा जिना-लिफ्टचा वाटा धरलेल्या क्षेत्रावर काढलेला असेल, तर ती तुलनाच होत नाही. समजा, शंभर एककांना विकलेल्या सदनिकेचे सांगितलेले क्षेत्र १,००० चौरस फूट आणि कार्पेट ७०० असेल, तर दर ०.१० नसून ०.१४ पेक्षा थोडा अधिक पडतो.

पुढची दुरुस्ती नेहमी विकल्या गेलेल्या सदनिकेच्या किमतीत करावी, आपल्या सदनिकेच्या नव्हे. तिच्याकडे पार्किंग होते आणि आपल्याकडे नसेल, तर पार्किंगचे मूल्य तिच्या किमतीतून वजा करावे. ती दुसऱ्या मजल्यावर होती आणि त्या भागात वरच्या मजल्याला जास्त पैसे मिळत असतील, तर तो फरक मिळवावा. व्यवहार जुना असेल, तर मधल्या काळातील चढ-उतारही धरावा. अशा रीतीने चार-पाच व्यवहारांतून किमतींचा जो पट्टा मिळतो तो आपला आकडा. तो एकच नेमकी संख्या नसतो, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

आणखी एक पथ्य असे की सांगितलेली किंमत ऐकण्यापूर्वीच हे गणित मांडता आले तर उत्तम. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील ट्यूसन येथे एकाच घराच्या माहितीसोबत वेगवेगळ्या सांगितलेल्या किमती दिल्या होत्या. त्या किमतीकडे विद्यार्थ्यांचेच नव्हे, तर अनुभवी एजंटांचेही मूल्यांकन ओढले गेले, आणि त्यातील बहुतेक एजंटांनी आपण त्या किमतीचा विचार केल्याचे मान्य केले नाही. आपण तर ती आधीच ऐकलेली आहे. त्यामुळे व्यवहारांची निवड आणि दुरुस्त्या ती किंमत माहीत नसलेल्या एखाद्या जाणकाराकडून करून घ्याव्यात.

प्रतिसाद २

वरील पद्धतीत एक उणीव राहते: संपूर्ण परिसरच महाग झालेला असेल, तर तुलनेतून तो महागपणा दिसत नाही. त्यासाठी भाडे पाहावे. किंमत शंभर, वार्षिक भाडे तीन आणि देखभाल, कर, रिकामे महिने यांचा खर्च पाऊण धरला, तर निव्वळ उत्पन्न सव्वादोन टक्के होते. कर्जाचा व्याजदर याहून बराच जास्त असेल, तर उरलेला भार भविष्यातील दरवाढीच्या आशेवर टाकलेला आहे, हे समजून मगच निर्णय घ्यावा. हे प्रमाण शहरा-शहरांत वेगळे असते. म्हणून ते त्याच शहरातील दोन-तीन वस्त्यांशी आणि काही वर्षांपूर्वीच्या प्रमाणाशी ताडून पाहावे.

प्रतिसाद ३

फर्निचरचे पूर्ण पैसे मुळीच देऊ नयेत. ते विक्रेत्याच्या आवडीनुसार केलेले असते आणि वापरलेल्या सामानाला जेवढी किंमत मिळेल तेवढीच त्याची किंमत असते. मी मात्र इमारतीकडे आधी पाहीन. वीस वर्षांनंतर लिफ्ट, नळवाहिन्या, गच्चीचे जलरोधन आणि बाहेरचा गिलावा ही मोठी कामे एकापाठोपाठ येतात. राखीव निधी रिकामा असेल, तर त्याचा भार प्रत्येक सदनिकाधारकावर पडतो. मागील तीन वर्षांचे हिशेब आणि सभांची इतिवृत्ते मागावीत, अपेक्षित वर्गणीतला आपला वाटा किमतीतून वजा करावा. एरवी रंग आणि फरशी यांवर इतकी चर्चा होते, पण इतिवृत्ते कोणी मागत नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. इतिवृत्ते मागवली आहेत. विक्रेता मात्र ‘मी यापेक्षा जास्त किमतीला घेतली होती’ असे वारंवार सांगतो. त्याचे काय करावे?

प्रतिसाद १

त्याची खरेदी किंमत आजच्या मूल्यात कुठेही येत नाही. परंतु तो किती ताणून धरेल, हे त्यावरून कळते. बॉस्टनमधील सदनिकांच्या व्यवहारांवरील जेनेसोव्ह आणि मेयर यांच्या २००१ सालच्या अभ्यासानुसार, तोट्यात विकावे लागणारे विक्रेते किंमत जास्त सांगतात आणि त्यांची घरे अधिक काळ विकली जात नाहीत. तेव्हा ही सदनिका किती महिने विक्रीला आहे, ते विचारावे. बराच काळ पडून असेल, तर आपल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडून लेखी देकार द्यावा, सोबत आधारभूत व्यवहारांची यादी जोडावी आणि देकाराची मुदत नमूद करावी. पट्ट्याच्या वरच्या टोकापलीकडे जावे लागत असेल, तर दुसरी सदनिका पाहावी.