फ्रान्सच्या आफ्रिकेतल्या वसाहती सुटल्या, मग चलन का नाही सुटलं?

नकाशावाला:
सेनेगल, आयव्हरी कोस्ट, माली, नायजर, टोगो हे सगळे 1960 ला स्वतंत्र झाले, झेंडे बदलले, राष्ट्रगीतं आली, पण नोट मात्र सीएफए फ्रँकचीच राहिली, जी फ्रान्सने 1945 साली स्वतःच्या वसाहतींसाठी काढली होती. म्हणजे हे स्वातंत्र्य नक्की कसलं? मला एक फॉरवर्ड आलाय की फ्रान्स त्यांच्याकडून आजही "वसाहत कर" वसूल करतो. यात खरं किती? आणि बाहेर पडायचं असतं तर कुणी अडवलं होतं का त्यांना?

जुनी_नाणी:
आधी फॉरवर्डचं. कर वगैरे काही नाही, पण धूर आलाय तो कुठूनतरी आलाय. या देशांच्या मध्यवर्ती बँकांना आपल्या परकीय गंगाजळीचा मोठा हिस्सा फ्रान्सच्या सरकारी खजिन्यात ठेवावा लागायचा, सुरुवातीला सगळाच, 1973 नंतर 65 टक्के, 2005 पासून 50 टक्के. पैसा त्यांचाच, त्यावर व्याजही मिळायचं, बदल्यात फ्रान्स हमी देणार की तुमचा फ्रँक ठरलेल्या भावाने केव्हाही बदलून मिळेल. पण घरातली तिजोरी शेजाऱ्याकडे आणि किल्लीवर त्याचाही हात, असा प्रकार. बँकेच्या संचालक मंडळावर फ्रान्सचे प्रतिनिधी, नोटा छापायच्या फ्रान्समधल्या शामालिएर गावात. लोक चिडणार नाहीत तर काय.

आता अडवलं का? गिनीचं बघा. सप्टेंबर 1958 मध्ये फ्रान्सचा तेव्हाचा पंतप्रधान द गॉल याने सार्वमत घेतलं, फ्रेंच समुदायात राहा नाहीतर चालते व्हा. त्याआधी ऑगस्टमध्ये राजधानी कोनाक्रीला द गॉलसमोरच गिनीचा नेता सेकू तुरे बोलला की गुलामीतल्या श्रीमंतीपेक्षा आम्हाला स्वातंत्र्यातली गरिबी चालेल, आणि 95 टक्क्यांहून जास्त लोकांनी "नाही"वर शिक्का मारला. 2 ऑक्टोबरला देश स्वतंत्र. मग फ्रेंच अधिकारी, शिक्षक, डॉक्टर भराभर निघाले आणि जाताना फायली, यंत्रसामग्री, टेलिफोनच्या तारा, अगदी दिव्याचे बल्बसुद्धा काढून नेले. 1960 ला गिनीने स्वतःचं चलन आणलं तर फ्रेंच गुप्तहेर खात्याने त्याच्या खोट्या नोटा छापून देशात सोडल्या. बाकीच्यांनी हे सगळं बघितलं, मग कोण म्हणणार आता आम्हीपण निघतो म्हणून? कायद्याने कुणी अडवलं नव्हतं हो, नमुना दाखवून ठेवला होता.

बंदरावरचा:
नमुन्याचं पटलं, पण गिनीची वाट लागली ती फक्त बल्ब नेले म्हणून नाही. तुरेने पुढे काय केलं तेही लिहा की. बोईरो या तुरुंग-छावणीत माणसं उपाशी ठेवून मारली, त्यात दियालो तेली होता, आफ्रिकी एकता संघटनेचा पहिला सरचिटणीस, 1977 ला गेला. सगळं फ्रान्सवर ढकललं की असले हुकूमशहा आयते सुटतात.

जुनी_नाणी:
सोडायचं कुणाला नाहीच आहे. पण खोट्या नोटा आधीच्या, छावणीतले मृत्यू नंतरचे, आणि "फ्रान्स कट करतोय" हे एकदा खरं निघालं की नंतर प्रत्येक विरोधकाला कटवाला म्हणणं किती सोपं जातं.

कापूस_बाजार:
टोगोचा पहिला राष्ट्राध्यक्ष ओलिंपिओ याचं उदाहरण कुणीतरी देईलच म्हणून आधीच लिहितो. त्याने स्वतःच्या चलनाची तयारी चालवली होती आणि 13 जानेवारी 1963 ला त्याला गोळ्या घातल्या, म्हणून लोक ते सरळ फ्रान्सशी जोडून मोकळे होतात. मारणारे होते फ्रेंच सैन्यातून सुटून आलेले टोगोचेच सैनिक, त्यांना त्याने आपल्या लष्करात घ्यायला नकार दिला होता. चलनाची योजना मात्र त्याच्याबरोबर संपली हे खरं.

आणि बाहेर पडलेलेही आहेत. मालीने 1962 ला स्वतःचा फ्रँक काढला, राजधानी बामाकोचे व्यापारी रस्त्यावर उतरले, 1967 ला त्या फ्रँकची किंमत निम्म्यावर आणावी लागली आणि 1984 ला माली परत सीएफएत. मॉरिटानिया आणि मादागास्कर 1973 ला निघाले ते निघालेच. उलट विषुववृत्तीय गिनी आणि गिनी-बिसाऊ, एक स्पेनची जुनी वसाहत दुसरी पोर्तुगालची, ते आपणहून आत आले. त्यामुळे फक्त "साखळदंड" म्हणून हे प्रकरण उलगडत नाही. 2022 च्या शेवटी घानाची महागाई 50 टक्क्यांच्या वर होती आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टची एक आकडी. पगारदार माणसाला हे लगेच कळतं.

पण किंमत कोण मोजतं तेही बघा. जानेवारी 1994 मध्ये 50 सीएफएला मिळणारा एक फ्रेंच फ्रँक एका झटक्यात 100 ला झाला. औषधं, तांदूळ, पेट्रोल, जे बाहेरून येतं ते सगळं दुप्पट महाग, पगार तेवढेच. कोको-कापूस निर्यात करणाऱ्यांना फायदा झाला, शहरात मात्र हाल. आणि आता भाव युरोला बांधलाय, एका युरोला 655.957, म्हणजे युरो वधारला की मालीचा कापूस महाग, मालीत त्याचा काही संबंध असो नसो.

नकाशावाला:
हे सगळं नवीन होतं मला. मग 2019 ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन आणि आयव्हरी कोस्टचे राष्ट्राध्यक्ष वतारा यांनी अबिजानला जाहीर केलं ना की सीएफए बंद, नवीन "इको" येणार? त्याचं काय झालं?

कापूस_बाजार:
पश्चिमेकडच्या आठ देशांपुरती गंगाजळी फ्रान्सकडे ठेवायची अट गेली, संचालक मंडळावरचे फ्रेंचही गेले. मध्य आफ्रिकेतले सहा त्यात नव्हतेच. भाव युरोलाच बांधलेला आहे आणि हमी फ्रान्सचीच. इको मुळात इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचं सामाईक चलन, सीएफए नसलेला नायजेरियाही त्यात; तो 2020 ला येणार होता तो 2027 वर ढकलला, मोठं दुखणं नायजेरिया, तिथली सगळ्यांत मोठी अर्थव्यवस्था, मग व्याजदर कुणाच्या सोयीने ठरणार? माली, बुर्किना फासो आणि नायजरने फ्रेंच फौजा हाकलल्या, जानेवारी 2025 ला इकोवासही सोडली, पण सैनिकांचे पगार अजून सीएफएतच होतात.

बंदरावरचा:
हो, आणि त्या तिघांनाही समुद्र नाही. माल शेजाऱ्यांच्या बंदरांतून येतो, आणि लोमे, अबिजान, डाकार तिन्हीकडे सीएफएच चालतो. उद्या वेगळी नोट काढली तर पहिला प्रश्न तिथला व्यापारी ती घेणार का हाच.