सूर्यग्रहण स्वतःच्या लग्नराशीत येतंय, ते कुंडलीत कसं वाचायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा सांगा. माझं लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) कर्क आहे आणि २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण निरयन पद्धतीने (ताऱ्यांच्या आधारे राशी मोजणारी, आपल्याकडची) कर्केतच, पुष्य नक्षत्रात, केतूजवळ होतंय. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास आहे, सहा मिनिटांच्या वर, आपल्याकडे मुंबईच्या बाजूला संध्याकाळी खंडग्रास दिसेल, अर्थात पावसाळी ढगांनी दिसू दिलं तर.

आता गोंधळ असा की पाश्चात्य ज्योतिषी सायन राशी (वसंत संपातापासून मोजलेल्या) धरतात त्यामुळे त्यांच्या व्हिडिओत हेच ग्रहण सिंहेत, साधारण चोवीस अंशांचा फरक, आणि ते म्हणतात की ग्रहण म्हणजे जुनं सोडून पुढे जायचा टर्निंग पॉइंट, राहू नवीन दिशा दाखवतो, केतू काय सोडायचं ते, घाबरू नका वगैरे. आणि आमच्या घरात वेध, जप, दान, 'दे दान सुटे गिराण', एवढंच. मला पर्सनल ग्रोथवालं जरा गुळगुळीत वाटतं पण नुसती भीतीही पटत नाही.

तर विचारायचं हे की निरयन कुंडलीला हा ग्रोथवाला अर्थ लावता येतो का, की मग सायन कुंडलीच बघायची? २२ जुलै २००९ चं ग्रहणही कर्केत पुष्यातच होतं, राहू-केतूची फेरी साडेअठरा वर्षांची, मग तेव्हाचे विषय परत वर येतात असं मानायचं का? कर्क लग्नवाल्यांनी २००९ मध्ये नक्की काय बदललं ते प्लीज लिहा. आणि नऊ हजारांच्या शांतीचे मेसेज नकोत, ते ऑलरेडी आलेत.